‘गेट’ची यादी पाठ करू नका

प्रश्न: माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. इंग्रजी वाचता येतं, ऑफिसचे मेलही लिहिते, पण बोलायची वेळ आली की अडखळते. सगळ्यांत जास्त छळतो तो ‘गेट’ (get) हा शब्द. परदेशातले सहकारी तो दर दुसऱ्या वाक्यात वापरतात आणि दर वेळी अर्थ वेगळाच निघतो. शब्दकोश उघडला तर पानभर अर्थ. मी वहीत यादी केली, पाठही केली, पण बोलताना त्यातलं काही वेळेवर आठवत नाही. मध्यंतरी बैठकीआधीच्या गप्पांमध्ये मी म्हटलं, ‘माय ब्रदर गॉट अ डॉक्टर.’ भाऊ डॉक्टर झाला, हे सांगायचं होतं. समोरच्याने काळजीने विचारलं, ‘इज ही ऑल राइट?’ तेव्हापासून मी ‘गेट’ टाळते आणि ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’ यांवर भागवते. शाळेत आमचे सर सांगायचे की चांगल्या इंग्रजीत ‘गेट’ लिहू नये. ते खरं आहे का? आणि इतके अर्थ लक्षात ठेवायचे तरी कसे? माझ्या एका मेलचा मसुदा सोबत दिला आहे, तोही बघाल का? — एक वाचक

नमस्कार,

आधी त्या वाक्याबद्दल. ‘माय ब्रदर गॉट अ डॉक्टर’ हे व्याकरणाने बिनचूक वाक्य आहे. त्याचा अर्थ ‘भावाने डॉक्टरला आणलं’ किंवा ‘भावाला डॉक्टर मिळाला’ असा होतो. घरात कोणी आजारी असावं असं वाटून त्या भल्या माणसाने चौकशी केली. तुमची चूक नेमकी कुठून आली तेही दिसतं. मराठीत ‘तो श्रीमंत झाला’ आणि ‘तो डॉक्टर झाला’ या दोन्हींना एकच ‘झाला’ पुरतो. इंग्रजीत इथे वाट फुटते. ‘गेट’पुढे विशेषण आलं तर अर्थ ‘होणे’: ‘ही गॉट रिच’. पुढे नाम आलं तर अर्थ ‘मिळणे’: ‘ही गॉट अ जॉब’. म्हणून डॉक्टर, वकील, आई, मित्र असं काही ‘होण्या’साठी ‘बिकेम’च लागतो: ‘माय ब्रदर बिकेम अ डॉक्टर’. एवढा एक फरक पक्का केलात तर ही चूक पुन्हा होणार नाही.

आता यादीबद्दल. ती वही बाजूला ठेवा, असं मी अगदी मनापासून सांगते. शब्दकोश वाचणाऱ्याच्या सोयीसाठी रचलेला असतो. वाक्य डोळ्यांसमोर असतं, त्यातल्या शब्दाचा अर्थ शोधायचा असतो, आणि त्या कामाला यादी उत्तम. बोलणाऱ्याचं काम उलट दिशेने चालतं. मनात अर्थ तयार असतो, शब्द हवा असतो. त्या क्षणी कोणीही तेवीस नंबरचा अर्थ आठवून वाक्य बनवत नाही. इंग्रजी बोलत वाढलेलं तीन वर्षांचं मूलही दिवसभर ‘गेट’ वापरतं. त्याच्या डोक्यात यादी नसते, एकच जाणीव असते, आणि ती तुम्हालाही पकडता येईल.

इंग्रजीत दोन क्रियापदं स्थिर आहेत: ‘बी’ म्हणजे असणे आणि ‘हॅव’ म्हणजे जवळ असणे. माणूस दमलेला आहे, नोकरी आहे, घरी आहे, ही सगळी खोलीच्या आतली स्थिती. ‘गेट’ म्हणजे त्या खोलीचा उंबरठा ओलांडणं. आधी तसं नव्हतं, आता तसं झालं, हा मधला क्षण ‘गेट’ सांगतो. जोड्या मोठ्याने म्हणून पाहा. ‘आय ॲम टायर्ड’, मी दमलेली आहे. ‘आय गॉट टायर्ड’, मी दमले. ‘आय हॅव अ जॉब’, नोकरी आहे. ‘आय गॉट अ जॉब’, नोकरी लागली. ‘शी इज ॲट होम’, ती घरी आहे. ‘शी गॉट होम’, ती घरी पोचली. ‘दे आर मॅरिड’, त्यांचं लग्न झालेलं आहे. ‘दे गॉट मॅरिड’, त्यांनी लग्न केलं. होणे, मिळणे, पोचणे, कळणे हे शब्दकोशात वेगवेगळ्या क्रमांकांखाली पडलेले अर्थ या एका नजरेने पाहिले की सख्खे दिसू लागतात.

हा शब्द मूळचा इंग्लंडचाही नाही. उत्तरेकडून येऊन इंग्लंडात वसलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेत ‘गेटा’ असं क्रियापद होतं, म्हणजे मिळवणे. तेराव्या शतकाच्या सुमारास ते इंग्रजीत रुळलं. ‘टेक’ आणि ‘दे’ हे रोजचे शब्दही त्याच लोकांकडून आलेले. जुन्या इंग्रजीत याच घराण्यातलं एक क्रियापद आधीपासून होतं, पण ते एकटं फारसं येत नसे; ‘फरगेट’मध्ये ते आजही आहे. हातातून सुटणं म्हणजे विसरणं. आणखी मागे गेलं तर मूळ धातूचा अर्थ ‘पकडणे’ असा आहे, आणि त्याच धातूपासून लॅटिनमार्गे ‘कॉम्प्रिहेन्ड’ हा भारदस्त शब्द आला. म्हणजे ‘आय डोन्ट गेट इट’ म्हणणारा कॉलेजचा मुलगा आणि ‘आय डू नॉट कॉम्प्रिहेन्ड’ म्हणणारे प्राध्यापक एकाच मुळाचे शब्द वापरतात. ‘गेट’ला हलका समजणाऱ्यांना हे मी आवर्जून सांगते.

मराठी माणसाला या शब्दासाठी एक फार चांगली खूण घरचीच मिळते, आणि ती कोणी शिकवत नाही याचं मला वाईट वाटतं. ही वाक्यं पाहा: मला पत्र आलं. मला सर्दी झाली. मला नोकरी लागली. मला कंटाळा आला. मला मुद्दा कळला. मला त्यांच्याशी बोलायला मिळालं. सहा वाक्यांत क्रियापदं आलं, झाली, लागली, आला, कळला, मिळालं अशी बदलत गेली, पण सुरुवातीचा ‘मला’ कायम राहिला. आता इंग्रजी: ‘आय गॉट अ लेटर’, ‘आय गॉट अ कोल्ड’, ‘आय गॉट अ जॉब’, ‘आय गॉट बोअर्ड’, ‘आय गॉट द पॉइंट’, ‘आय गॉट टू टॉक टू देम’. मराठीत गोष्ट आपल्याकडे येते आणि आपण ‘मला’ म्हणून बाजूला बसतो. इंग्रजी त्याच माणसाला वाक्याचा कर्ता करते आणि येणारं सगळं ‘गॉट’मध्ये घालते.

तेव्हा मनात ‘मला’ने सुरू होणारं वाक्य आलं आणि त्याच्या शेवटी आलं, झालं, लागलं, मिळालं यांपैकी काही असलं, की ‘आय गॉट’ तोंडावर येऊ द्या. शेवटी ‘आहे’, ‘हवंय’, ‘आवडतं’ असलं तर ती स्थिती आहे. तिथे ‘हॅव’, ‘वॉन्ट’, ‘लाइक’ लागतात, ‘गेट’ नाही.

खूण दर वेळी चालेलच असं नाही, म्हणून नेहमीचे अपवाद सांगून ठेवते. ‘मला झोप लागली’ म्हणजे ‘आय फेल अस्लीप’. ‘मला उशीर झाला’ याचं ‘आय गॉट लेट’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण बाहेरच्या माणसाच्या कानाला ते खटकतं. ‘आय वॉज लेट’ म्हणा, किंवा कशाने तरी अडकला असाल तर ‘आय गॉट हेल्ड अप’ म्हणा. ‘उशीर होतोय, निघूया’ यासाठी मात्र ‘इट्स गेटिंग लेट’ अगदी बरोबर, कारण तिथे वेळ पुढे सरकतेय, माणूस नाही. आणि कंटाळा आला की ‘बोअर्ड’च म्हणा. ‘आय गॉट बोअरिंग’ म्हटलंत तर ‘मी कंटाळवाणी झाले’ असा अर्थ होईल. आंधळं होणं, टक्कल पडणं, अन्न खराब होणं यांसाठी ‘गो’ येतो. चेहरा लाल होणं, चाळिशी गाठणं यांसाठी ‘टर्न’. हे वाचनातून आपोआप बसतात, त्यांसाठी वेगळं बसायची गरज नाही.

‘बोलायला मिळालं’वर जरा थांबू, कारण इथे मराठी आणि इंग्रजी चकित व्हावं इतक्या जवळ येतात. संधी मिळाली हे सांगायला मराठीत ‘मिळणे’ आणि इंग्रजीत ‘गेट टू’. ‘आय गॉट टू सी द माउंटन्स’, मला डोंगर बघायला मिळाले. ‘वी नेव्हर गेट टू स्पीक’, आम्हाला कधी बोलायलाच मिळत नाही. इतका सोपा जोड असूनही आपले लोक ‘आय गॉट द चान्स टू सी’ असं लांबवत बसतात. तेही चूक नाही, पण ‘गॉट टू’ म्हणायची सवय लावून घ्या. सांभाळायचं एकच: ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जायलाच हवं. बोलताना त्यातला ‘हॅव’ गिळला जातो आणि ‘आय गॉटा गो’ एवढंच कानावर पडतं. जायला मिळालं की जायलाच हवं, हे मग संदर्भावरून ठरवावं लागतं. उठता उठता कोणी म्हणालं तर ‘हवं’. गेल्या वर्षीची हकिगत सांगताना म्हणालं तर ‘मिळालं’.

याच्या शेजारी ‘आय गॉट टू नो दॅट…’ हे आपलं लाडकं वाक्य आहे. ‘मला कळलं की’ याचं हे शब्दशः रूप. इंग्रजीत ‘गेट टू नो’ मुख्यतः माणसाशी किंवा जागेशी हळूहळू ओळख होण्यासाठी वापरतात: ‘आय गॉट टू नो हर ॲट वर्क’, आमची ओळख कामावर वाढली. बातमी कळली असेल तर ‘आय हर्ड’, स्वतः शोधून काढली असेल तर ‘आय फाउंड आउट’.

‘आय हॅव गॉट’ हे मात्र उंबरठ्याच्या नियमाला धरून दिसत नाही आणि शिकणाऱ्याला गोंधळात टाकतं. ‘आय हॅव गॉट अ पेन’ म्हणजे ‘मला पेन मिळालंय’ नव्हे, नुसतं ‘माझ्याकडे पेन आहे’. एकेकाळी मिळालंय म्हणून आता आहे, असा तो अर्थ घसरत गेला आणि वर्तमानातल्या मालकीवर येऊन थांबला. भूतकाळात सांगायचं असेल तर सरळ ‘हॅड’ म्हणा. ब्रिटिश लोक ‘हॅव यू गॉट अ पेन?’ विचारतात, अमेरिकन ‘डू यू हॅव अ पेन?’; दुसरं सगळीकडे चालतं, तेच धरा. अमेरिकन माणूस ‘गॉटन’ म्हणाला तर ते चुकीचं इंग्रजी नाही. ते रूप इंग्लंडातही पूर्वी होतं, तिथे मागे पडलं, अमेरिकेत टिकलं. त्यामुळे तिकडच्या माणसाने ‘आय हॅव गॉट द टिकेट्स’ म्हटलं तर तिकिटं जवळ आहेत, आणि ‘आय हॅव गॉटन द टिकेट्स’ म्हटलं तर ती मिळवून झाली. हा बारकावा ब्रिटिश इंग्रजीत एकाच ‘गॉट’वर भागवावा लागतो. तुम्ही बोलताना ‘गॉट’ म्हणा, ‘गॉटन’ ऐकून ओळखा, इतकं पुरे.

‘गेट’चं जे काम न आल्याने लोकांचा अर्थ खरोखर उलटतो ते ‘करून घेणे’. तुमच्या मसुद्यातही ही चूक आहे. ‘आय रिपेअर्ड माय लॅपटॉप’ म्हणजे स्क्रू काढून तुम्ही स्वतः दुरुस्त केला. ‘आय कट माय हेअर’ म्हणजे आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवली. मराठीत आपण ‘केस कापले’ असं म्हणूनही दुसऱ्याने कापले हे समजून घेतो. इंग्रजी ते गृहीत धरत नाही. तिथे ‘आय गॉट माय हेअर कट’, ‘आय गॉट माय लॅपटॉप रिपेअर्ड’ असंच यायला हवं. क्रम महत्त्वाचा: आधी ‘गॉट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय गॉट रिपेअर्ड माय लॅपटॉप’ हा क्रम चालत नाही. मराठीतला ‘करून घेतला’ मनात ठेवून वाक्य बांधलं की ‘गॉट’ आणि ‘रिपेअर्ड’ शेजारी आणायचा मोह होतो. त्यांच्या मध्ये वस्तू बसवायची, हे हाताला वळण लागेपर्यंत लिहून काढा.

याच बांधणीत आणखी एक सुंदर अर्थ आहे. ‘आय फायनली गॉट द रिपोर्ट डन.’ इथे दुसऱ्याकडून करून घेतलं असं काही नाही. स्वतःच केलं, पण रखडत, धडपडत. मराठीतला ‘एकदाचा’ या ‘गॉट’मध्ये आहे: अहवाल एकदाचा संपवला. आणि कधी कधी तर इच्छेविरुद्धच घडलेलं असतं: ‘ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर’, त्याचं बोट दारात सापडलं. कोणी मुद्दाम बोट चेमटवून घेत नाही, हे ऐकणाऱ्याला कळतंच.

वस्तूच्या जागी माणूस आला की ‘टू’ लागतो. ‘आय गॉट हिम टू साइन’, मी त्याला सही करायला राजी केलं. ‘आय मेड हिम साइन’मध्ये जबरदस्ती आहे, ‘आय हॅड हिम साइन’मध्ये नुसती व्यवस्था. ‘गॉट’मध्ये मनधरणी आहे, थोडा वेळ गेलाय, थोडं समजवावं लागलंय. ‘मेड’ आणि ‘हॅड’च्या मागे ‘टू’ नाही, ‘गॉट’च्या मागे आहे. ऑफिसात या तिघांतला फरक माणसं नीट ऐकतात, म्हणून जपून. वरिष्ठांबद्दल बोलताना ‘आय मेड हर ॲप्रूव्ह इट’ म्हणू नका, ‘आय गॉट हर टू ॲप्रूव्ह इट’ म्हणा.

कर्मणी प्रयोगातला ‘गॉट’ थोडक्यात. ‘माय फोन गॉट स्टोलन’, फोन चोरीला गेला. ‘ही गॉट फायर्ड’, त्याला नोकरीवरून काढलं. एखाद्यावर काही ओढवलं, अचानक घडलं, किंवा अनपेक्षितपणे चांगलं झालं (‘शी गॉट प्रमोटेड’), की बोलण्यात ‘वॉज’ऐवजी ‘गॉट’ येतो. शिवाय ‘द विंडो वॉज ब्रोकन’ म्हटलं तर खिडकी आधीच फुटलेली होती की तेव्हा फुटली, हे कळत नाही. ‘गॉट ब्रोकन’ म्हटलं की फुटण्याचा क्षण स्पष्ट होतो. शांतपणे, ठरवून झालेल्या कामांना तो शोभत नाही. ‘द ब्रिज वॉज बिल्ट इन 1890’ असंच म्हणायचं, ‘गॉट बिल्ट’ नाही. आणि जिथे क्षणच नाही तिथे ‘गेट’ बसतच नाही: ‘इट वॉज नोन’ बरोबर, ‘इट गॉट नोन’ नाही. लग्नाचंही तसंच. ‘दे गॉट मॅरिड इन 2015’ ठीक. पण दहा वर्षांचा संसार सांगायचा तर ‘दे हॅव बीन मॅरिड फॉर टेन इयर्स’. आणि ‘त्याच्याशी’ या मराठी प्रत्ययामुळे येणारा ‘विथ’ सोडा. ‘शी गॉट मॅरिड टू हिम’, किंवा नुसतं ‘शी मॅरीड हिम’.

पोचण्याचा अर्थ सोपा आहे, अडचण ‘टू’ची. ‘गॉट टू द ऑफिस’ला ‘टू’ हवा, पण ‘गॉट होम’, ‘गॉट हिअर’, ‘गॉट देअर’ला नको. आणि ‘रीच’ला कधीच नको: ‘रीच्ड द ऑफिस’. ‘रीच्ड टू’ हे खास आपलं.

मग उरतात ‘गेट’ला लहान शब्द चिकटून झालेले जोड. यांच्यासाठी बाजारात शेकड्यांनी याद्या मिळतात आणि बिचारे विद्यार्थी त्या घोकतात. बहुतेकांचं मूळ सरळ हालचालीत आहे, तिथून सुरुवात करा. ‘गेट ओव्हर द वॉल’, भिंत ओलांडली. मग आजार ओलांडला, ‘गेट ओव्हर द फ्लू’. दुःख ओलांडलं, ‘गेट ओव्हर द लॉस’. ‘गेट थ्रू द टनेल’, बोगद्यातून पार. मग परीक्षेतून, कठीण वर्षातून पार. फोन लागला तरी ‘गॉट थ्रू’. ‘गेट अक्रॉस’, पलीकडे पोचणं किंवा मुद्दा पलीकडच्याला पोचवणं. आधी शरीराने जाणं डोळ्यांसमोर आणायचं, अर्थ मागून येतो. ‘गेट अवे विथ’सारखे थोडे जोड असे उलगडत नाहीत, ते पूर्ण वाक्यासकट लक्षात ठेवा: ‘ही लाइड अँड गॉट अवे विथ इट’, तो खोटं बोलला आणि निभावून गेला.

गाडीतून उतरण्याला आपण ‘गेट डाउन’ म्हणतो. भारतात सगळ्यांना कळतं, बाहेर नाही. बस, रेल्वे, विमान यांत उभं राहून चालता येतं, त्यांना ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. मोटारीत वाकून शिरावं लागतं, तिला ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. ‘गेट डाउन!’ कोणी ओरडलं तर खाली वाका किंवा जिथे चढलाय तिथून उतरा, असा अर्थ.

कानासाठी दोन गोष्टी. देवनागरीत फाटकाचा ‘गेट’ आणि हा ‘गेट’ सारखेच लिहितो, उच्चार मात्र वेगळे. फाटकातला ‘ए’ लांबवायचा, क्रियापदातला आखूड तोडायचा. आणि अमेरिकन बोलण्यात ‘गेट इट’ हे ‘गेडिट’ असं ऐकू येतं, कारण दोन स्वरांमधला ‘ट’ जवळजवळ ‘ड’ होतो. तुम्हाला बैठकीत जे निसटतं त्यातला बराच भाग अर्थाचा नसून या उच्चाराचा असेल, असा माझा अंदाज आहे.

तुमच्या सरांच्या सांगण्याबद्दल. करार, अर्ज, संशोधन-निबंध अशा लेखनात ‘गेट’ कमी येतो, हे खरं. तिथे ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’ यांची जागा आहे. पण ‘चांगल्या इंग्रजीत लिहू नये’ हे मला मान्य नाही. रोजच्या मेलमध्ये ‘गेट’ चालतो, आणि बोलण्यात तो टाळणारा माणूस ताठ, दूरचा वाटतो. शिवाय हे भारदस्त शब्द ‘गेट’ची जागा पूर्ण भरू शकत नाहीत. ‘रिसीव्ह’ म्हणजे कोणी पाठवलेलं हाती येणं. सर्दी ‘रिसीव्ह’ करता येत नाही. ‘ऑब्टेन’मध्ये खटपट करून मिळवणं आहे, परवानगी ‘ऑब्टेन’ करतात, मित्राचा फोन नाही. उठून पाणी आणून द्यायचं असेल तर ‘शॅल आय गेट यू सम वॉटर?’ याला त्या तिघांपैकी एकही उपयोगी पडणार नाही.

तुमचा मसुदा असा आहे: ‘आय गॉट टू नो दॅट द मीटिंग वॉज कॅन्सल्ड. आय ऑब्टेन्ड युअर फाइल यस्टरडे. आय विल रिपेअर माय लॅपटॉप टुमॉरो अँड रिव्हर्ट बॅक.’

मी तो असा करेन: ‘आय हर्ड दॅट द मीटिंग वॉज कॅन्सल्ड. आय गॉट युअर फाइल यस्टरडे, थँक यू. आय ॲम गेटिंग माय लॅपटॉप रिपेअर्ड टुमॉरो, सो आय विल गेट बॅक टू यू आफ्टर दॅट.’

‘वॉज कॅन्सल्ड’ तुम्ही बरोबर लिहिलंत. कोणीतरी ठरवून रद्द केली म्हणून तो ठेवला. फाइल त्यांनी पाठवली, तुम्हाला आली. त्यात खटपट नाही, म्हणून ‘ऑब्टेन्ड’ काढला. ‘रिव्हर्ट’चा इंग्रजीतला रूढ अर्थ जुन्या स्थितीला परत जाणे असा आहे. उत्तर कळवण्यासाठी तो भारतीय कार्यालयांत चालतो, पण परदेशातल्या वाचकाला ‘गेट बॅक टू यू’ लगेच समजतं. आणि उद्याच्या कामाला ‘ॲम गेटिंग’ पाहून दचकू नका. ठरून गेलेली गोष्ट इंग्रजी चालू वर्तमानकाळात सांगते. आपणही ‘उद्या लॅपटॉप दुरुस्त करून घेतेय’ असंच म्हणतो.